गौतमच्या नावाचं ताट

सिहोऱ्याच्या आमच्या घरात एक स्टीलचं ताट आहे. त्याच्या काठावर 'गौतम' असं नाव टाकलेलं आहे. ते नाव मी टाकून आणलं होतं. कशासाठी, ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे, पण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. बायकोला माहीत नाही, मुलांना नाही. पन्नाशी उलटली. मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि लोक त्याला माझा चांगुलपणा समजत आले. तो चांगुलपणा नव्हता. आता सांगतो. गावाकडे राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनी तर जरूर वाचावं.

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्याकडे तीसेक माणूस जेवायला होतं. गावातून परदेशी शिकायला निघालेला मी पहिलाच. मामा, आत्या, भाऊबंद, सगळे आतल्या खोलीत पंगतीला बसले होते. माझा वर्गमित्र गौतम त्याच्या गावाहून, बपेऱ्याहून, सायकलनं सात वाजताच आला होता. माझ्या दोन्ही बॅगा त्यानंच दोरीनं आवळल्या. कागदपत्रांची पिशवी त्यानं तीनदा तपासली, कारण त्यातले निम्मे अर्ज त्यानंच भरले होते. माझं इंग्रजी त्याच्यासमोर काहीच नव्हतं. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याला कोणी काही म्हणालं नाही, म्हणायची गरजच नव्हती. तो बाहेर सपरीत गेला. सपरी म्हणजे आमच्याकडची पुढची ओसरी. तिथल्या कोनाड्यातून त्यानं स्वतःचं ताट काढलं आणि धानाच्या पोत्यांना पाठ लावून बसला. आई त्याला वाढायला गेली. भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी, सगळं भरपूर, आणि सगळं वरून, ताटाला पळी लागणार नाही असं. "घे बाप्पा, लाजू नोको," ती म्हणत होती. तिच्या आवाजात माया होती. हीच गोष्ट मला आज सगळ्यात जास्त चिडवते. त्या मायेत काही खोट नव्हती, आणि पळीही खाली येत नव्हती.

जेवून झाल्यावर तो हातपंपावर गेला, ताट घासलं, आपल्या दुपट्ट्यानं पुसलं आणि कोनाड्यात उभं करून ठेवलं. मी आतल्या दारात उभा होतो. माझ्या तळहातावर आईनं ठेवलेलं दही होतं. मी ते चाटत त्याच्याकडे पाहत होतो. मग जीपनं हॉर्न दिला. फाटकापाशी बाबा म्हणाले, "तिकडं जाऊन आपलं वळण सोडू नको."

बाबा, नाही सोडलं. पुढे सांगतो.

ताटाची गोष्ट आधी. नववीत मी गणितात नापास होण्याच्या बेतात होतो. गौतम वर्गात पहिला. हेडमास्तरांनी बाबांना सांगितलं की ह्या दोघांना दुपारी एकत्र बसू द्या. तेव्हापासून दुपारच्या सुटीत आणि रविवारी तो आमच्या सपरीत मला गणित शिकवू लागला. बपेऱ्याला जाऊन जेवून परत येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे जेवायचा. त्याच्यासाठी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक ताटली होती, काठ चेपलेली, बुडाला खळगा पडलेला. त्यात वरण एका बाजूला पळायचं. गौतम ती डाव्या हातानं तिरकी धरून उजव्या हातानं जेवायचा आणि जेवता जेवता मला समीकरणं तोंडी सोडवून दाखवायचा.

पंधराव्या वर्षी मला त्या ताटलीची लाज वाटू लागली. दिवाळीला आईनं सहा नवी स्टीलची ताटं घेतली, तेव्हा मी तिला म्हणालो की एक गौतमला दे. मला वाटत होतं मी फार मोठं काहीतरी करतो आहे. आई नाही म्हणाली नाही. म्हणाली, "दे ना. पण एकसारखेच हायेत सगळे. वळखू आलं पायजे."

एवढंच. वळखू आलं पायजे.

मी ते ताट पिशवीत घालून तुमसरला गेलो. भांड्याच्या दुकानात नाव टाकायचं मशीन होतं, ते मधमाशीसारखं आवाज करायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर बाबांची आद्याक्षरं होती, तशी ती सगळ्यांच्याच घरी असतात. दुकानदारानं विचारलं, काय टाकू? मी त्या ताटावर बाबांचीच अक्षरं टाकून आणली असती तर ते ताट इतरांत मिसळलं असतं. मी नुसता एक ठिपकाही टाकू शकलो असतो. मी सांगितलं, गौतम. ठळक टाका.

मी लहान होतो हे कोणी मला सांगू नये. त्या वयात मला वर्गसमीकरण सुटत नव्हतं, पण हे बरोबर सुटलं होतं. आईचं समाधान झालं पाहिजे आणि गौतमलाही आवडलं पाहिजे, असं उत्तर मी काढलं होतं. आणि ते किती चोख निघालं! गौतमनं ताट पाहिलं, काठावरून बोट फिरवलं, दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "माह्या नावाचं? तुया घरी?" मी हो म्हणालो. त्याला वाटलं हा मान आहे. मी ते तसंच वाटू दिलं.

त्यानं घरी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या मायनं आमच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू पाठवले, स्वच्छ फडक्यात बांधून, बारा-पंधरा असतील. आईनं ते फडकं दोन बोटांनी घेतलं आणि सपरीच्या खिडकीत ठेवलं. संध्याकाळी ते लाडू बैलांच्या गव्हाणीत गेले. फडकं मात्र आईनं धुऊन, घडी करून परत दिलं. गौतमनं विचारलं, "कसे झाले होते?" मी म्हणालो, लय मस्त. मी एकही खाल्ला नव्हता.

मेलबर्नला आलो आणि हळूहळू इथला झालो. ह्या सव्वीस वर्षांत मी जे ऐकलं आणि ज्याला मान डोलावली, त्याचा मला आता राग येतो. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत, गणपतीला, दिवाळीला, एक विषय ठरलेला असतो. ऑफिसात कोणी माझ्या डब्याकडे पाहून नाक मुरडलं. कोणी माझं आडनाव मुद्दाम चुकीचं उच्चारलं. भाड्याचं घर बघायला गेलो तर आधीच गेलं म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात जाहिरात तशीच होती. हे सगळं खरं आहे, माझ्या बाबतीतही झालं. पण जे सांगतात त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गावच्या घरात एक कप बाहेर ठेवलेला असतो. तो कप कोणी सांगत नाही. मीही सांगितला नाही. समोशाचा घास घेऊन मीही म्हणायचो, काय हे लोक, माणसाला माणूस समजत नाहीत.

माझं भाड्याचं घर नाकारलं गेलं त्या दिवशी मी गौतमलाच फोन केला होता. तो तोवर लाखनीला बँकेत लागला होता. मी भरपूर बोललो, रडलोही थोडा. मी त्याला म्हणालो, "तुले नाही समजणार बे. आपल्याले वेगळं काढलं की कसं वाटते ते." हे वाक्य मी गौतमला म्हणालो. पलीकडून तो म्हणाला, "हो गा. नसन समजत." आणि दुसऱ्या घराचा अर्ज कसा लिहायचा ते मला सांगू लागला.

मागच्या वर्षी त्याची मुलगी प्रज्ञा इथल्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली. समारंभाला गौतम आला. पहिल्यांदाच भारताबाहेर. रविवारी दुपारी मी दोघांना जेवायला घेऊन गेलो, आमच्या भागातल्या एका ग्रीक खानावळीत. बायको त्या दिवशी ड्युटीवर होती. मला ती जागा आवडते, कारण तिथे कोणी हळू बोलत नाही. निळ्या खुर्च्या, टेबलावर कापडाऐवजी चिमट्यांनी बसवलेला कागद, कोपऱ्यात एक म्हातारा बुझुकी नावाचं तंतुवाद्य वाजवत असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मालकीणबाई एलेनी, साठीच्या, येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारतात. कोणी कमी खाल्लं तर त्या खरंच नाराज होतात. त्या दिवशी शेजारच्या लांब टेबलावर कोणाच्या तरी बाळाचं बारसं होतं, वीस-पंचवीस माणसं, आणि गोंधळ असा की मंडईत बसल्यासारखं वाटत होतं.

गौतम खुशीत होता. दह्यात काकडी आणि लसूण घातलेला वाडगा आला तेव्हा म्हणाला, "हे तं आपली कोशिंबीर होये, नाव बदलून आली." बोटाएवढे तळलेले मासे डोक्यासकट आले. एक उचलून त्यानं चावला आणि डोळे मिटले. "बोडीतली मासोळी," तो म्हणाला. बोडी म्हणजे आमच्याकडची शेताच्या वरची छोटी तळी, त्यात पावसाळ्यात अशीच बारीक मासोळी मिळते. प्रज्ञा हसत होती. बापाला तिनं इतकं मोकळं फार दिवसांनी पाहिलं असावं.

तिथली पद्धत अशी की सगळं टेबलाच्या मध्ये येतं. एकच वाडगा, एकच थाळा, आणि सगळ्यांनी आपापला पावाचा तुकडा त्यातच बुडवायचा. बाजूला छोट्या बशा असतात, त्या मुख्यतः माशांचे काटे टाकायला. तर झालं असं. कोकराचं भाजलेलं मटण आलं. मी बोलता बोलता एक बशी उचलली, तिच्यात मटण काढलं, दोन बटाटे, पालेभाजी, एक मासोळी, आणि ती बशी गौतमच्या पुढे सरकवली. वरून वाढत होतो मी. चमचा बशीला लागू न देता. माझ्या हाताला माझी परवानगी लागली नाही. सव्वीस वर्षं, अर्धं जग ओलांडून, हाताला सगळं पाठ होतं.

बाबा म्हणाले होते, वळण सोडू नको.

एलेनीबाई तेवढ्यात पाव घेऊन आल्या होत्या. ती वेगळी बशी पाहून त्यांनी मला दटावलं. माझ्या बापाच्या टेबलावर कोणाचं वेगळं नसायचं, इथंही नसतं, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि हसत हसत पुढे गेल्या. त्यांना काय ठाऊक.

गौतमनं बशीकडे पाहिलं. मग एका हातानं ती जरा उचलली, काठ फिरवून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसला. "नाव नाही टाकलं का बे यावर?"

तो चेष्टा करत होता. मी तेव्हा तसं समजलो. प्रज्ञानं लगेच ओळखलं. ही गोष्ट तिला तिच्या आजीनं सांगितलेली होती. सिहोऱ्याच्या एवढ्या मोठ्या घरात तुझ्या बापाच्या नावाचं ताट होतं, असं आजी अभिमानानं सांगायची म्हणे, आल्यागेल्यालाही सांगायची. प्रज्ञा ते सांगत होती, तिचा चेहरा खुलला होता, आणि सांगता सांगताच तिचा आवाज जरा मंद झाला. ती हुशार आहे, बापावर गेली आहे. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काका, मग बाकीच्या ताटांवर कोणाची नावं होती?"

शेजारच्या टेबलावर टाळ्या सुरू झाल्या होत्या. बाळाला उचलून एका हातातून दुसऱ्या हातात देत होते. मी पाण्याचा ग्लास उचलला. मला उत्तर माहीत होतं. ते एका वाक्याचं होतं. मी ते वाक्य पस्तीस वर्षं तोंडात धरून बसलो होतो, आणि आता एका मुलीनं समोरून हात पुढे केला होता की द्या ते.

गौतम म्हणाला, "सगळ्यांचेच होते वं. घरात जितके माणसं तितके ताटं. हरेकाचं आपापलं नाव."

"हो का काका?"

मी म्हणालो, "हो."

तोपर्यंत मला वाटत होतं की गौतमला माहीत नाही. त्याच्या त्या एका वाक्यानं कळलं की त्याला सगळं माहीत आहे. आमची ताटं घासून अंगणात उन्हाला ठेवलेली असायची, सगळ्यांवर बाबांची अक्षरं. ती ओलांडूनच तो रोज सपरीत यायचा. त्याला न दिसायला तो काय आंधळा होता? आंधळं राहणं मला सोयीचं होतं, आणि मी ते त्याच्यावर ढकललं होतं.

बारशाच्या टेबलावर मग, आनंदाच्या दिवशी ग्रीकांची रीत म्हणून, ताटल्या फोडायला सुरुवात झाली. एलेनीबाई खास दिवसांसाठी प्लास्टरच्या स्वस्त ताटल्या ठेवतात, हे मला माहीत होतं. त्या मंडळींनी आम्हालाही बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एक दिली. प्रज्ञानं जोरात आपटली, पांढरे तुकडे उडाले, सगळे ओरडले. मीही फोडली. कशी फोडली मी ती, विचारू नका, लाज वाटते. गौतमनं आपली ताटली टेबलावर अलगद ठेवली. एलेनीबाईंनी खूण केली, फोड फोड. तो मान हलवून मला मराठीत म्हणाला, "राहू दे. भांडं नाही फोडवत मले." बाईंनी ती परत नेली.

जेवण झाल्यावर प्रज्ञा तिच्या मैत्रिणींना भेटायला गेली. आम्ही दोघं ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. ऊन चांगलं होतं. मी त्याला आभारासारखं काहीतरी म्हणालो, की तू मघाशी मला सांभाळून घेतलंस. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुयासाठी नाही बोललो मी."

मग तो बोलला. ओरडला नाही. त्याला आठ दिवसांतच कळलं होतं. पण तोवर त्यानं मायला सांगून टाकलं होतं, आणि ती ते ऐकून रडली होती. तिच्या उभ्या जन्मात कोणाच्या घरी तिच्या माणसाचं नाव कशावर लिहिलं गेलं नव्हतं. "तिले काय सांगाचं होतं मी? का त्या ताटात मले कायले जेवाले देतेत?" म्हणून तो मायच्या मरणापर्यंत गप्प राहिला. आमच्याकडे येत राहिला, त्याच ताटात जेवत राहिला, नाही तर तिनं विचारलं असतं की आता काहून जात नाही. "तू नुसता खिळ्यानं ओरखडा मारला असता नं, बरं झालं असतं," तो म्हणाला. "मी जेवलो असतो आन् इसरलो असतो. तू नाव टाकलं."

मी म्हणालो, गौतम, ते मी... त्यानं हात वर केला. राग मी त्याच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही संताप आला. "इथं नोको," तो म्हणाला. "इथं सोपं हाये तुले. इथं आपण दोघंही पावणे. बोलाचं असन तं तुया घरी बोल. आत बसून. मावशीसमोर."

मावशी म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून ती धाकट्या भावाजवळ राहते. ऐंशी ओलांडली आहे. गौतम आजही महिन्यातून एकदा तिला भेटायला लाखनीहून सिहोऱ्याला जातो, तिची डोळ्यांची औषधं घेऊन. त्याच आठवड्यात मी तिला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की ते ताट आहे का अजून. "हाये ना," ती म्हणाली. "गौतमचं ताट कोठी जाते? मागच्या बारीले आला तं त्यातच जेवला. बिचारा, घासूनही ठेवते." मी विचारलं, तो कुठं बसतो जेवायला? ती म्हणाली, सपरीत, आणखी कोठी? मग विचारलं, तू काहून विचारून राहिला? मी म्हणालो, काही नाही, असंच.

ती जुन्या काळची आहे असं म्हणून मी तिला सोडवणार नाही. तिला म्हातारी म्हणून सोडलं की मागच्या दारानं मीही सुटतो. तिनं फक्त ओळखू यायला हवं म्हटलं होतं. तुमसरला मी गेलो होतो.

हे लिहायच्या आधी मी गौतमला विचारलं. प्रज्ञाला त्यानं स्वतःच सगळं सांगून टाकलं आहे. ती माझ्याशी अजून बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मी तिला सांगू शकत नाही. गौतम म्हणाला, "लिही. नावही माहंच टाक, तुले सवय हाये. पण लिहिलं म्हंजे झालं असं नोको समजू."

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर म्हणजे कोणतं वाटतं, हे की ते? पूर्वी मी पाणी, माती, धानाचा वास असं काहीबाही सांगायचो. आता सांगतो ते एवढंच. सिहोऱ्याच्या त्या घरात वाटणीनंतर माझ्या नावाची खोली उरलेली नाही, माझी पुस्तकं वाळवीनं खाल्ली, माझा फोटो आहे तो लग्नातला. माझ्या हातचं म्हणावं असं तिथे एकच नाव शिल्लक आहे, आणि ते सपरीच्या कोनाड्यात उभं आहे. माझं घर तेच.

मी अजून गेलेलो नाही. तिकीट काढलं होतं, पुढे ढकललं. कारण सांगितलं ऑफिसचं. खरं कारण भीती.

आमच्या घराच्या आत, पंगतीच्या खोलीत, आईसमोर बसून मला गौतमला सांगायचं आहे की ते नाव तुझा मान म्हणून नव्हतं, तू वेगळा राहावास म्हणून होतं, आणि ते मी टाकलं. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.